फ्योर्ड घोड्याचा शांतपणा: तो कसा ओळखावा आणि रोजच्या वागण्यात कसा टिकवावा

पश्चिम नॉर्वेत डोंगराचे कडे सरळ समुद्राच्या लांबलचक खाड्यांत उतरतात. या खाड्यांना तिथे फ्योर्ड म्हणतात, आणि त्यांच्या काठावरच्या चिंचोळ्या, उताराच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घोड्याला फ्योर्ड घोडा हे नाव पडले. उंची १३५ ते १५० सेंटिमीटर, वजन साधारण ४०० ते ५०० किलो, मान जाड, पाठ रुंद आणि रंग बहुधा फिकट पिवळसर-तपकिरी. जुन्या पागेच्या भाषेत ज्याला समंद म्हणत त्याच्या जवळचा. आयाळीच्या मधोमध काळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना पांढुरके केस असतात, आणि ती आखूड कापून उभी ठेवण्याची रीत असल्यामुळे हा घोडा दुरूनही ओळखू येतो. आज तो नॉर्वेबरोबरच डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका आणि कॅनडा येथेही पाळला जातो. या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले घोडेस्वारी शिकायला गेली, की कधी ना कधी याच घोड्याची काढणी (त्याला धरून नेण्याची दोरी) त्यांच्या हाती येण्याची शक्यता असते, आणि सोबत हमखास एक वाक्यही येते: ‘काळजी करू नका, हा फार शांत आहे.’

या वाक्यावर कितपत विसंबावे आणि विसंबताना काय करावे, हे येथे सांगायचे आहे. फ्योर्ड घोडा गप्प उभा राहतो तो दर वेळी एकाच कारणाने नव्हे. तो निवांत असेल, घाबरून थिजला असेल किंवा दुखण्यामुळे जागचा हलत नसेल. आणि ही तिन्ही कारणे जो ‘शांत’ या एकाच शब्दात कोंबतो, त्याच्या हातून चांगला घोडा बिघडतो.

हा स्वभाव कुठून आला

पश्चिम किनाऱ्यावरचा नॉर्वेजियन कुणबी हा अर्धा शेतकरी आणि अर्धा मच्छीमार होता. मासेमारीच्या हंगामात घरातले पुरुष समुद्रावर जात आणि शेत, जनावरे, जळण, गवत हे सारे बायका, म्हातारी माणसे आणि मोठी मुले सांभाळत. लहान शेताला एकच घोडा परवडे, आणि त्या एकाच घोड्याने नांगर ओढायचा, जंगलातून ओंडके खाली आणायचे, उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणाकडे सामान न्यायचे आणि गाडीही ओढायची. खाली पाणी आणि वर कडा अशा वाटेवर बुजून उधळणारा घोडा स्वतःसह गाडी आणि माणूस घेऊन गेला असता. अशा जनावराची पैदास कोण वाढवील? जो घोडा अनोळखी वस्तू दिसल्यावर आधी थांबतो, कान टवकारून बघतो आणि मग काय करायचे ते ठरवतो, त्याचीच शिंगरे लोकांना हवी होती. आजही बहुतेक फ्योर्ड घोड्यांत हीच सवय दिसते, आणि पुढच्या सगळ्या सूचनांचा पाया तीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अधिक मोठा घोडा हवा म्हणून पूर्व नॉर्वेतील डोले जातीशी संकर करून पाहिला गेला. पुढच्या पिढ्यांत रंग बिघडला आणि स्वभावाचाही भरवसा राहिला नाही, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैदासकारांनी ते रक्त जाणीवपूर्वक बाजूला काढले. १८९१ साली जन्मलेला न्योल हा नर या जातीचा मूळ पुरुष मानला जातो आणि आजच्या फ्योर्ड घोड्यांची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते. नॉर्डफ्योर्डाइड या गावी १९८९ पासून या जातीचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथे दरवर्षी वसंतात नर घोड्यांचे प्रदर्शन भरते. पैदाशीसाठी नर निवडताना त्याची ठेवण आणि चाल यांच्याबरोबर स्वभावही पाहिला जातो. एवढे सांगण्याचे कारण असे की शांतपणा हा या जातीत निवडून आणि राखून ठेवलेला गुण आहे. तरी प्रत्येक शिंगरू तो सारख्याच मापात घेऊन जन्मत नाही, आणि जन्मजात मिळालेला गुणही वाईट हाताळणीत दोन-तीन वर्षांत नाहीसा होऊ शकतो.

निवांत, थिजलेला आणि दुखणाईत: फरक कसा ओळखावा

घोड्याला हात लावण्यापूर्वी दहा पावलांवर उभे राहून एक मिनिटभर नुसते बघावे. ही सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे, आणि घाई असते त्या दिवशी नेमकी तीच वगळली जाते.

निवांत घोड्याचे कान स्वतंत्रपणे हलत असतात. एक आपल्याकडे, दुसरा मागच्या आवाजाकडे. डोळ्यांची उघडझाप सहज चालते, मान पाठीच्या पातळीत किंवा थोडी खाली असते, खालचा ओठ सैल असतो आणि बऱ्याचदा मागचा एक पाय खुराच्या टोकावर विसावलेला असतो. असा घोडा आपण जवळ जाताच किमान मान वळवून दखल घेतो.

थिजलेला घोडाही हलत नाही, परंतु त्याची मान उंच आणि ताठ असते, दोन्ही कान एकाच दिशेला खिळलेले असतात, नाकपुड्या ताणलेल्या असतात आणि श्वास रोखल्यासारखा वाटतो. फ्योर्ड घोड्यांच्या बाबतीत अपघाताला कारण ठरणारा सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. इतर काही जातींचा घोडा घाबरला की उसळून तसे जाहीर करतो. हा मात्र उभा राहतो, आणि स्वाराला वाटते की तो ऐकतो आहे. मग टाच मारली जाते, दुसऱ्यांदा मारली जाते, आणि तिसऱ्यांदा तो असा वळून निघतो की कसलेला स्वारही खाली येतो. ‘इतका शांत घोडा अचानक कसा बिथरला’ असे नंतर विचारले जाते. खरे तर अचानक काहीच घडलेले नसते. तो अर्धा मिनिट सांगत होता.

दुखणाईत घोड्याच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या वरचा भाग त्रिकोणी आक्रसलेला दिसतो, कान बाजूला किंवा मागे झुकतात, हनुवटी घट्ट होते. तो वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहतो किंवा खडीच्या रस्त्यावर पाऊल जपून टाकतो. फ्योर्ड घोडा दुखणे लवकर दाखवत नाही, असा त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून नेहमी खाण्यावर तुटून पडणारा घोडा एखाद्या सकाळी गवताकडे सावकाश वळला, तर ती बातमी समजावी.

आणखी एक चौथी अवस्था आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दिवसात अनेक नवशिक्यांना पाठीवर घेणारा, प्रत्येकाची ओढाताण आणि लाथा सोसणारा घोडा हळूहळू कशालाच प्रतिसाद देईनासा होतो. त्याचे डोळे उघडे असतात पण नजर कुठेच नसते, आणि माणूस जवळ आला काय किंवा गेला काय, कानही हलत नाही. हा विझलेला घोडा पालकांना सर्वांत सुरक्षित वाटतो. मला तो पाहवत नाही, आणि ज्या ठिकाणी सगळेच घोडे असे दिसतात तिथे मुलाला पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला आकड्यांचा आधार द्यावा. विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि शरीराचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला असलेल्या धमनीवर दोन बोटे ठेवून मोजावी. १५ सेकंदांचे ठोके मोजून त्याला ४ ने गुणावे. श्वास कुशीच्या हालचालीवरून मोजता येतो. सुरुवातीचे पंधरा दिवस रोज एकाच वेळी हे आकडे एका वहीत लिहून ठेवले, म्हणजे आपल्या घोड्याचे ‘नेहमीचे’ काय ते कळते. पुढे तो गप्प उभा असताना नाडी ६० लागली, तर तो शांत नाही हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही.

रोजची हाताळणी

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, मात्र थेट कपाळासमोरचा आणि थेट शेपटीमागचा थोडा भाग त्याच्या नजरेबाहेर असतो. म्हणून तिरके, खांद्याच्या रोखाने आणि बोलत जावे. हात प्रथम खांद्यावर ठेवावा. नाकावर थोपटण्याची हौस बहुतेक घोड्यांना नकोशी असते. म्होरकी घातल्यावर काढणी हाताला कधीही गुंडाळू नये. ४५० किलोचा घोडा एकदाच झटका देतो आणि बोटे तुटायला तेवढे पुरते.

फ्योर्ड घोड्याची मान जाड आणि खांदा मजबूत असतो, आणि हे त्यालाही ठाऊक असते. रस्त्याकडेला हिरवे गवत दिसले की तो मुद्दाम रागाने नव्हे, तर अगदी थंड डोक्याने माणसाला ओढत तिकडे नेतो. एकदा जमले की दुसऱ्या दिवशी तो आठवणीने तेच करतो, कारण हुशार आणि खादाड हे दोन्ही गुण त्याच्यात एकत्र नांदतात. अशा वेळी बळाची स्पर्धा लावू नये, ती आपण हरणार हे नक्की असते. मान गवताकडे वळण्यापूर्वीच, म्हणजे कान आणि नजर तिकडे गेल्याबरोबर, त्याला थांबवून दोन पावले मागे घ्यावे, काढणी लगेच सैल सोडावी आणि मग पुढे चालावे. दाब देणे आणि अपेक्षित हालचाल दिसताच त्या क्षणी दाब काढणे, एवढ्यावरच घोड्याचे बरेचसे शिक्षण चालते. दाब काढायला उशीर झाला तर घोडा चुकीचीच गोष्ट शिकतो. चालताना खिशातून गाजराचे तुकडे भरवण्याची सवय या जातीला विशेष बाधते. खाऊ द्यायचाच असेल तर काम संपल्यावर घमेल्यात टाकून द्यावा.

खरारा करणे हे केवळ स्वच्छतेचे काम नाही. रोज एकाच क्रमाने मान, खांदा, पाठ, पोट, पुठ्ठे आणि पाय असा हात फिरवला, की कुठे सूज आहे, कुठे उष्णता आहे, कुठे स्पर्श नको आहे हे हाताला आपोआप कळू लागते. पोटाजवळ ब्रश नेताच घोडा कातडी थरथरवतो किंवा मान वळवतो, तेव्हा त्याला दटावण्यापूर्वी तंगाखाली (खोगीर आवळण्याच्या पोटपट्ट्याखाली) घासले आहे का ते पाहावे. खूर रोज खालून साफ करावेत आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ते कापून घ्यावेत.

आयाळ कापणे हा या घोड्याच्या संगोपनातला खास सोहळा आहे. बाजूचे पांढुरके केस मधल्या काळ्या केसांपेक्षा किंचित खाली कापतात, म्हणजे काळी पट्टी वर उठून दिसते, आणि वरची कड मानेच्या कमानीबरोबर वळवतात. लांबी कापणाऱ्याच्या आवडीप्रमाणे साधारण पाच ते दहा सेंटिमीटर राहते. नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी पूर्ण आयाळ कापायला बसू नये. पहिल्या दिवशी मानेजवळ कात्री केवळ वाजवावी, घोडा निवांत राहिला की थांबावे. दुसऱ्या दिवशी दोन-चार केस कापावेत. असे करत आठवड्याभरात काम पुरे करावे. कानामागे धातूचा आवाज होत असताना जो घोडा सैल उभा राहतो, त्याला पुढे वाजणाऱ्या किंवा फडफडणाऱ्या वस्तूंची सवय लावणे सोपे जाते.

तो वाटेत थांबला तर

रपेटीत फ्योर्ड घोडा एकाएकी थांबला की स्वाराच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘अडेलतट्टू’. हा शब्द जरा बाजूला ठेवावा. लगाम खेचू नये, टाचही मारू नये. मांड घट्ट पण अंग सैल ठेवून तीन-चार श्वास सोडावेत आणि तो जिकडे पाहतो आहे तिकडे आपणही पाहावे. घोडा बहुधा मान थोडी खाली घेतो, फुरफुरतो किंवा तोंड चघळल्यासारखे करतो, आणि मग एक पाऊल मागितले की देतो. ते पाऊल मिळताच पाय आणि लगाम दोन्ही सैल करावेत. तो पुढे जायला तयार नसेल तर त्याला वळवून थोडे अंतर मागे न्यावे आणि पुन्हा यावे. उतरून पुढे चालणे यात कमीपणा नाही, उलट अनेक घोडे माणसाच्या पाठोपाठ सहज येतात.

छत्री, ताडपत्री, सायकल, बाबागाडी, दुधाचा टँकर अशा वस्तूंची ओळख आधी मोकळ्या मैदानात करून द्यावी. वस्तू इतक्या दूर ठेवावी की घोडा तिच्याकडे पाहील परंतु ताठ होणार नाही. तिथून रोज थोडे अंतर कमी करावे. एकदम अंगावर ताडपत्री टाकून ‘बघा, काही होत नाही’ हे सिद्ध करण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यातून घोडा शिकतो एवढेच की पळणे व्यर्थ आहे, आणि वर सांगितलेल्या विझलेल्या अवस्थेचा रस्ता तिथूनच सुरू होतो. अशा सरावाला एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेशी असतात. ही जात सावकाश वाढते, म्हणून घोडा साधारण चार वर्षांचा होण्यापूर्वी पाठीवर नियमित ओझे टाकू नये आणि डोके भरून जाईल इतके शिक्षणही देऊ नये.

मात्र तोच घोडा तबेल्यातून निघतानाच, किंवा खोगीर चढवतानाच अडू लागला, तर कारण वाटेवर नसून खोगिरात असण्याचा संभव मोठा आहे. फ्योर्डची पाठ रुंद आणि खांद्यामागचा उंचवटा कमी असल्याने सर्वसाधारण मापाचे खोगीर त्याच्या खांद्यांना चिमटते, आणि रुंद असूनही चुकीच्या आकाराचे असेल तर बाजूला सरकते. ते सरकू नये म्हणून तंग आणखी आवळला जातो, आणि घोडा आणखी अडतो. रपेटीनंतर खोगीर उचलून घामाचा ठसा पाहावा. ठसा सगळीकडे सारखा ओला असावा. मध्येच कोरडा डाग किंवा विस्कटलेले केस दिसले तर त्या जागी दाब पडतो आहे असा संशय घ्यावा आणि जाणकाराकडून माप घेऊन खोगीर बदलावे. दातांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, कारण टोकदार झालेल्या दाढा लगामाच्या प्रत्येक ओढीबरोबर गालाला टोचतात. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावे. ४५० किलोच्या घोड्यासाठी ते साधारण ६७ ते ९० किलो होते. हा घोडा मोठ्या माणसालाही सहज नेतो हे खरे, पण सहज दिसते म्हणून मर्यादा वाढत नाही.

खाणे: शांतपणाला इथेच सर्वांत मोठा धोका

आपल्याकडे घोड्यावरचे प्रेम चंदीतून व्यक्त होते. हरभरा भिजवावा, वर गुळाचा खडा द्यावा, जनावर तुकतुकीत दिसावे, ही मराठी माणसाची स्वाभाविक ओढ आहे आणि कष्टकरी घोड्यांच्या बाबतीत तिला अर्थही होता. फ्योर्ड घोड्याच्या बाबतीत तिला आवर घालावा लागतो. गरीब गवतावर लांब हिवाळा काढण्यासाठी घडलेले हे शरीर थोडक्यात भागवते आणि उरलेले सगळे साठवते. हलके काम करणाऱ्या बहुतेक फ्योर्ड घोड्यांना धान्याची गरजच नसते. चांगले सुके गवत, थोडे क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण, मीठ आणि स्वच्छ पाणी एवढे पुरते.

वजन उतरवायचे असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोजचा चारा कोरड्या भारात शरीराच्या वजनाच्या सुमारे १.५ टक्के ठेवतात. ४५० किलोच्या घोड्याला ते ६.७५ किलो कोरडे द्रव्य, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ ८ किलो सुके गवत होते. हे अंदाजाने न देता वजन करून द्यावे, कारण कवळ्याकवळ्यात फार फरक असतो. मात्र वजन कमी करण्याच्या नावाखाली त्याला रात्रभर उपाशी ठेवू नये. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते आणि पोट चार-सहा तासांहून जास्त रिकामे राहिले की त्रास सुरू होतो. भुकेलेला घोडा चिडचिडा होतो, दाराला लाथा मारतो, शेजाऱ्यावर कान टाकतो. बारीक छिद्रांच्या जाळीत गवत भरून टांगले की तेवढेच गवत दुप्पट वेळ पुरते, आणि तबेल्यातील वातावरण निवळते.

या जातीत ज्या आजाराची सर्वांत जास्त धास्ती घ्यावी, तो म्हणजे खुराच्या आतील नाजूक थरांचा दाह. स्थूलपणा आणि साखरयुक्त गवत ही त्याची प्रमुख कारणे आहेत. वसंतातले कोवळे गवत आणि थंड रात्रीनंतर उन्हात चमकणारे गवत या दोहोंत साखर जास्त असते, म्हणून त्या दिवसांत चरण्याची वेळ आणि जागा आखून द्यावी. मानेच्या वरच्या कडेला चरबीचा कडक वरंबा तयार होणे ही पूर्वसूचना असते, पण उभ्या आयाळीमुळे फ्योर्ड घोड्याची मान मुळातच भरीव दिसते आणि ही सूचना डोळ्यांतून निसटते. म्हणून ती हाताने तपासावी: वरंबा मऊ असून दोन्ही बाजूंना डोलत असेल तर ठीक, कडक होऊन हलेनासा झाला तर आहार तत्काळ बदलावा.

दाह सुरू झालेला घोडा पुढच्या पायांवरचा भार काढण्यासाठी मागे रेलून उभा राहतो, वळताना पावले जड टाकतो, खूर गरम लागतात आणि खुराच्या वर घोट्यापाशी नाडी जोरात जाणवते. अशा घोड्याला कोणी काहीही केले तरी तो हलत नाही. लहान मूल त्याच्या पायाशी बसले तरी हलत नाही, आणि लोक कौतुकाने सांगतात की किती हा समजूतदार! ही तातडीची अवस्था आहे. त्याला चालवू नये, मऊ जमिनीवर उभे करावे, गवताची चराई बंद करावी आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.

सोबत, मोकळीक आणि हवामान

एकटा ठेवलेला घोडा गप्प होतो, पण ते बरे लक्षण नाही. घोड्याला गाढ झोपेसाठी आडवे व्हावे लागते, आणि दुसरा कोणी पहारा देतो आहे अशी खात्री नसेल तर अनेक घोडे दिवसेंदिवस आडवे होत नाहीत. किमान एक सोबती आणि दिवसाचे बरेच तास मोकळ्या जागेत फिरणे, ही फ्योर्ड घोड्याच्या शांत स्वभावाची किंमत समजावी. थंडीची त्याला पर्वा नसते. वाऱ्या-पावसापासून आडोसा असला की बर्फातही तो मजेत उभा राहतो. त्रास होतो तो उन्हाळ्यात. बारीक चिलटांच्या चाव्याने काही फ्योर्ड घोड्यांना आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी असह्य खाज सुटते, आणि एरवी दगडासारखा उभा राहणारा घोडा खांबाला अंग घासून रक्त काढतो. पहाटे आणि सांजवेळी चिलटे जास्त असतात, म्हणून त्या वेळी आत बांधावे किंवा अंगभर जाळीदार झूल घालावी. गरम दिवसांत जड अंगाचा हा घोडा सावकाश थंड होतो. काम सकाळी उरकावे.

याच कारणाने हौस म्हणून हा घोडा महाराष्ट्रात आणण्याचा विचार कोणी करू नये. दख्खनच्या उन्हाला आणि खडकाळ माळाला घडलेले भीमथडीचे तट्टू आपल्याकडे आहेच.

मुले, गाडी आणि रहदारी

स्वभाव सौम्य, पाठ रुंद आणि उंची बेताची, त्यामुळे लहान मुलांसाठी आणि शारीरिक किंवा मानसिक अडचणी असलेल्यांच्या उपचारात्मक घोडेस्वारीसाठी ही जात अनेक देशांत वापरली जाते. त्या कामासाठी घोडा निवडताना तो आकस्मिक आवाज, बाजूला कललेले वजन आणि व्हीलचेअर यांना कसा प्रतिसाद देतो हे महिनोन्‌महिने पाहिले जाते. घरच्या मुलासाठी आपण तेवढे करत नाही, म्हणून नियम तरी कडक ठेवावेत. हेल्मेटशिवाय पाठीवर बसू नये. मुलाला घोडा आणि भिंत यांच्या मधे उभे राहू देऊ नये. घोड्याच्या पोटाखालून जाण्याचा पराक्रम छायाचित्रात गोड दिसतो. माशी चावली तर घोडा पाय झाडतो आणि ते बघून झाडत नाही.

गाडीला जुंपलेल्या घोड्यासाठी एक नियम सगळ्यांच्या वर आहे: गाडी सोडवण्यापूर्वी तोंडातला लगाम कधीही काढू नये, आणि जुंपलेल्या घोड्याला एकटे सोडू नये. पश्चिम नॉर्वेत ब्रिक्सडाल हिमनदीपर्यंत प्रवाशांना नेणाऱ्या गाड्या पूर्वी हेच घोडे ओढत असत. वर्षानुवर्षे गर्दीत, चढउतारावर काम केलेल्या अशा घोड्यांनाही हाच नियम लागू असतो, कारण गाडी पाठीमागून आदळली की स्वभाव कामी येत नाही.

विकत किंवा सांभाळायला घेण्यापूर्वी

घोडा तयार करून, खोगीर चढवून दाखवला तर तो पाहिला असे समजू नये. आधी कळवून पण थोडे लवकर जावे, आणि त्याला कुरणातून पकडण्यापासून सगळे आपल्यासमोर करायला सांगावे. तो सोबत्यांपासून दूर नेल्यावर कसा वागतो, मोटारीच्या रस्त्यावर कसा चालतो, पाय उचलू देतो का, आणि खाण्याच्या वेळेपूर्वी दारात कसा उभा राहतो, हे पाहावे. पहिल्या भेटीत विक्रेत्याच्या माणसाला बसवावे, मग आपण बसावे. दुसऱ्या दिवशी, शक्यतो वारा किंवा पाऊस असताना, पुन्हा यावे. पशुवैद्यकीय तपासणीत रक्ताचा नमुना राखून ठेवायला सांगणे अनेक देशांत रूढ आहे. गुंगीचे किंवा वेदनाशामक औषध दिलेले असेल तर पुढे त्यावरून कळते. ज्या विक्रेत्याला याचा राग येतो त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा.

नव्या घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फ्योर्ड घोडा बहुधा आदर्श वागतो. जागा, माणसे आणि सोबती परके असतात, तेव्हा तो निरीक्षण करत असतो. त्या दिवसांत पाहुण्यांना बोलावून मुलांना पाठीवर बसवू नये; वही उघडावी आणि नाडी, श्वास, खाल्लेले गवत, आडवा झाला की नाही, हे पहिल्या दिवसापासून लिहावे. महिन्याभराने तो फाटकाशी ढकलाढकली करू लागेल, गवतासाठी खिंकाळेल, एखाद्या सकाळी म्होरकी पाहून दूर निघून जाईल. तेव्हा पहिल्या पानावरची नाडी आणि आजची नाडी शेजारी ठेवून पाहावी. आजची कमी असेल तर तो बिघडलेला नसून घरी रुळला आहे, आणि शिकवायला सुरुवात त्या दिवसापासून करावी.